प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय? सर्टिफिकेटच्या आधी एक वही घ्या

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमची करिअर पुरवणी मी नियमित वाचते आणि अलीकडे तिच्यात प्रॉडक्ट मॅनेजमेंटबद्दल, म्हणजे एखादं अ‍ॅप किंवा वस्तू कोणासाठी, काय आणि का बनवायची ते ठरवण्याच्या कामाबद्दल, बरंच येतंय, चांगली गोष्ट आहे, मी स्वतः बारा वर्षं हेच काम करतेय त्यामुळे जरा जास्तच लक्ष देऊन वाचते. पण दरवेळी वाचून झाल्यावर एक गोष्ट खटकते. लेखात कोर्सची नावं असतात, सर्टिफिकेटची नावं असतात, कुठली टूल्स शिकायची ते असतं, पण हे काम करणारा माणूस दिवसभर नेमकं काय करतो ते कुठेच नसतं. मग तेच वाचून मुलंमुली मला विचारतात, ताई कुठलं सर्टिफिकेट करू?

मागच्या महिन्यात अशीच एक मुलगी भेटली. तीन सर्टिफिकेट झालेली, नोट्स इतक्या व्यवस्थित की बघत राहावं, पण एकाही इंटरव्ह्यूत पुढे जात नव्हती. तिला विचारलं होतं की तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या अ‍ॅपमध्ये काय बदलाल, तर तिने पटापट पाच फीचर सांगितली. पुढचा प्रश्न आला, हे कोणाला हवंय आणि ते तुम्हाला कसं कळलं, आणि तिथे ती थांबली. मला तिच्यासाठी खरंच वाईट वाटलं. मेहनत कमी नव्हती तिची, फक्त जिथे घालायला हवी होती तिथे घालायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून हे पत्र.

हे काम कॉम्प्युटरमधून आलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्याची सुरुवात साबणापासून झाली. १९३१ च्या मे महिन्यात प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय नावाचा २६ वर्षांचा माणूस कॅमे साबणाचं काम बघत होता, आणि त्याच कंपनीचा आयव्हरी साबण खपाने इतका मोठा होता की कॅमेकडे कोणाचं लक्ष नसायचं. त्याने तीन पानांचं टिपण लिहिलं की प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारा एक माणूस हवा. ते टिपण आज वाचलं तरी मला त्यातलं कामाचं वर्णन जवळचं वाटतं: कुठल्या भागात माल किती गेला ते बारकाईने बघा, जिथे चांगला खपतोय तिथे का खपतोय ते शोधा, जिथे खपत नाही तिथे स्वतः जा, दुकानदारांशी आणि गिऱ्हाइकांशी बोला, मग उपाय ठरवा, आणि उपाय केल्यावर त्याचा परिणाम झाला का तेही तुम्हीच तपासा. पुढे हा माणूस कंपनीचा अध्यक्ष झाला आणि १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री. पण मला त्या टिपणातला शेवटचा भागच महत्त्वाचा वाटतो, परिणाम झाला का ते तपासा. आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आजही तेच आहे.

आता प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या प्रॉडक्टचा छोटा सीईओ असं जे सांगितलं जातं त्याबद्दल. कृपा करून हे छापणं बंद करा, कारण यातून मुलांची फार चुकीची समजूत होते. इंजिनिअर तुमच्या हाताखाली नसतात, डिझायनर नसतो, सेल्सवाले तर नसतातच, बजेट तुमच्या सहीने सुटत नाही. जबाबदारी पूर्ण आणि हुकूम कोणावरच चालत नाही असं हे काम आहे. मग लोक तुमचं का ऐकतील? तर एकाच कारणाने ऐकतात, की युजरला काय अडतंय हे तुम्हाला त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे आणि तुम्ही ते पुराव्यानिशी सांगता. बाकी सगळी स्किल्स मला वाटतं यातूनच निघतात.

तर पहिलं स्किल म्हणजे बघणं, आणि हे कसं शिकले ते सांगते. मी सुरुवातीला कस्टमर सपोर्टमध्ये होते, तिथून प्रॉडक्टमध्ये आले. आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं होतं. आकड्यांवरून दिसायचं की रिसेप्शनवरच्या लोकांचं लॉगिन रोज आहे, अपॉइंटमेंट पण भरल्या जातात, म्हणजे सगळं छान चाललंय. एकदा मी एका रिसेप्शनिस्टशेजारी दोन तास नुसती बसून राहिले. फोन वाजला की ती आधी वहीत लिहायची आणि दुपारी गर्दी कमी झाली की वहीतलं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरायची. का, तर आमचा फॉर्म वेळ राखून ठेवायच्या आधी सहा गोष्टी विचारायचा, जन्मतारीख, पत्ता, आधी आला होता का वगैरे, आणि फोनवरचा आजारी माणूस तेवढा वेळ थांबत नाही. म्हणजे ज्या वहीची जागा घ्यायला आम्ही सॉफ्टवेअर बनवलं ती वही तिथेच होती आणि बाईंचं काम आम्ही दुप्पट केलं होतं. आणि ती कधीच तक्रार करायची नाही! तिला वाटायचं कॉम्प्युटर असाच असतो. आम्ही नाव आणि फोन नंबर एवढ्यावर वेळ राखायची सोय केली, बाकीचं नंतर भरा म्हटलं, आणि काही आठवड्यांनी परत गेले तेव्हा वही ड्रॉवरमध्ये गेलेली होती. हे मला कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसलं नसतं.

इन्ट्युट या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीची एक जुनी पद्धत आहे, तिचा संस्थापक स्कॉट कुक आधी प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्येच शिकलेला. क्विकन हे घरखर्चाचं सॉफ्टवेअर दुकानातून कोणी विकत घेतलं की कंपनीची माणसं त्याच्या परवानगीने त्याच्या घरी जायची आणि तो ते कसं सुरू करतो, कुठे अडतो ते शेजारी बसून बघायची. त्यांना हेही कळलं की बरेच जण घरखर्चाचं सॉफ्टवेअर ऑफिसात छोट्या धंद्याच्या हिशोबाला वापरतायत, कारण खऱ्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधलं जमाखर्चाचं तंत्र त्यांना झेपत नव्हतं. त्यातून १९९२ मध्ये छोट्या धंद्यांसाठीचं क्विकबुक्स आलं. यात नवीन टेक्नॉलॉजी काही नव्हती हो, फक्त लोक ठरवल्यापेक्षा वेगळं वागताना दिसले आणि ते कोणीतरी गांभीर्याने घेतलं.

बघण्याइतकंच विचारणं पण शिकावं लागतं. "असं फीचर दिलं तर वापराल का?" हा सगळ्यात निरुपयोगी प्रश्न, कारण समोरचा माणूस भला असतो आणि तुमचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणतो. त्याऐवजी विचारा, मागच्या वेळी ही अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत, किती वेळ गेला, मग कोणाला फोन केलात. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खरं सांगतो, पुढच्या गोष्टीबद्दल फक्त इच्छा सांगतो. १९८५ चं न्यू कोकचं उदाहरण इथे सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. कोका कोलाने जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन बघितली, नवी चव जास्त आवडली, आणि तरी ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. सँपल छोटं होतं असं कोणी म्हणू शकणार नाही. चव कशी वाटते ते विचारलं पण जुनं कायमचं गेलं तर तुम्हाला काय वाटेल हा प्रश्न त्या चाचणीच्या मुळाशी नव्हताच. प्रश्नच चुकला तर दोन लाख उत्तरंही मदतीला येत नाहीत. आणि उलट बाजूने, स्क्रीनवर लोक कुठे अडखळतात एवढंच शोधायचं असेल तर पाच माणसं पुष्कळ होतात, सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचा अभ्यास करणाऱ्या याकोब निल्सनने मांडलेल्या हिशोबाप्रमाणे पाच जणांत साधारण ८५ टक्के अडचणी दिसून येतात. मात्र किती लोकांना ही वस्तू हवीय हे पाच जणांवरून सांगू नका, ते वेगळं काम आहे.

आकड्यांचं म्हणाल तर थोडं एसक्यूएल (साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा) आणि स्प्रेडशीट यायलाच हवं, म्हणजे दर प्रश्नासाठी डेटा टीमच्या दारात उभं राहायला नको. पण त्याहून जास्त गरज कुठला आकडा बघायचा ते कळण्याची आहे. डाउनलोड किती झाले हा आकडा सगळ्यांना आवडतो, मला विचाराल तर पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी आठव्या आठवड्यात किती जण अजून येतायत ते आधी बघा. नवी माणसं भरपूर येत असली की एकूण आकडा वाढत राहतो आणि जुनी मागच्या दाराने निघून जातायत ते झाकलं जातं, म्हणून महिन्यामहिन्याला आलेल्यांचे गट वेगवेगळे करून बघायचे. हे एकदा हाताने केलंत ना, की रिटेन्शन (किती जण टिकले) आणि कोहॉर्ट (एकाच वेळी आलेल्यांचा गट) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत.

आता वहीबद्दल, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. आधी ती का लागते ते सांगते. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनमध्ये एका कर्मचाऱ्याने सुचवलं की जाहिरातीच्या मथळ्याला खालच्या मजकुराची पहिली ओळ जोडून मथळा लांब करू या. कोणाला त्यात विशेष काही वाटलं नाही, सहा महिन्यांहून जास्त ती कल्पना बॅकलॉगमध्ये, म्हणजे पुढे कधीतरी करायच्या कामांच्या यादीत, तशीच पडून होती. मग एका इंजिनिअरने काम थोडंच आहे म्हणून ती करून ए/बी टेस्ट लावली, म्हणजे काही लोकांना जुनं आणि काहींना नवं दाखवून तुलना केली, आणि उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, फक्त अमेरिकेतच वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर. तेव्हा तिथेच प्रयोगांचं काम बघणाऱ्या रॉन कोहावी यांनी सांगितलंय की मायक्रोसॉफ्टमध्ये तपासलेल्या कल्पनांपैकी साधारण एक तृतीयांश फायद्याच्या निघायच्या, एक तृतीयांशाने काहीच फरक पडायचा नाही, आणि उरलेल्या चक्क नुकसान करायच्या. एवढ्या हुशार लोकांची ही अवस्था तर आपली काय असेल? म्हणजे आपला अंदाज चुकणं हे या कामात रोजचं आहे, आणि तरीही बहुतेक प्रॉडक्ट मॅनेजरना आपले किती अंदाज चुकले ते माहीत नसतं, कारण अंदाज कुठे लिहिलेलाच नसतो. फीचर रिलीज होतं, सगळे टाळ्या वाजवतात, पुढच्या फीचरला लागतात.

मी एका मोठ्या चुकीनंतर वही सुरू केली. एक रिपोर्टची स्क्रीन बनवायला आम्ही चार महिने घालवले होते, रंगीत आलेख, फिल्टर, सगळं. डॉक्टरांनी मागितलं होतं, माझ्या समोर मागितलं होतं. नंतर कोणी उघडेचना. मी खूप दिवस कारणं सांगत राहिले, ट्रेनिंग कमी पडलं, बटण दिसत नाही, सेल्सने नीट सांगितलं नाही. मग माझ्या तेव्हाच्या सिनिअरनी शांतपणे विचारलं, तुला बनवायच्या आधी काय वाटलं होतं, किती जण उघडतील, कशासाठी उघडतील? मला सांगता येईना. त्या दिवसापासून प्रत्येक निर्णयाआधी चार ओळी लिहिते, तारीख घालून. काय करतोय, का करतोय, काय होईल असं वाटतंय आकड्यात, आणि कुठल्या तारखेला परत येऊन बघणार. मग त्या तारखेला खाली लिहायचं खरं काय झालं. पहिल्या वर्षीच्या निम्म्याहून जास्त नोंदी चुकलेल्या आहेत. पण त्या एकत्र वाचल्या तेव्हा दिसलं की मी एकाच प्रकारे चुकते, लोकांना माहिती हवीय असं मला वाटतं आणि त्यांना खरं तर काम कमी व्हायला हवं असतं. हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नसतं कारण ही माझी स्वतःची चूक होती, दुसऱ्याची दुसरी असेल. ज्याला या कामातलं "जजमेंट" म्हणतात ते जन्मजात असतं असं मला आता अजिबात वाटत नाही, ते असं नोंदी ठेवून ठेवून येतं.

लिहिण्याचा आणखी एक फायदा आहे. अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या मीटिंगमधून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि सहा पानांपर्यंतचं सलग गद्य लिहून आणायला लावलं, मीटिंगच्या सुरुवातीला सगळे शांत बसून ते वाचतात. स्लाइडवर तीन ठिपके मारले की विचारातली भोकं दिसत नाहीत, पूर्ण वाक्य लिहायला घेतलं की "म्हणून" आणि "कारण" लिहावं लागतं आणि तिथे लगेच सापडतो आपण. मी तर नव्या मुलांना सांगते की पहिला मसुदा आपल्या मातृभाषेत लिहा, इंग्रजीत भारीतले शब्द वापरून निभावता येतं, घरच्या भाषेत ते जमत नाही.

प्राधान्य ठरवायची सूत्रं खूप आहेत, राइस म्हणून एक प्रसिद्ध आहे, इंटरकॉम कंपनीतून आलेलं, किती लोकांना उपयोग, किती मोठा उपयोग आणि आपल्याला खात्री किती यांचा गुणाकार करायचा आणि त्याला लागणाऱ्या कष्टाने भागायचं. वापरा जरूर, चर्चा सरळ होते. पण त्यातले चारही आकडे आपणच अंदाजाने भरलेले असतात हे विसरू नका, गुणाकार केल्याने अंदाज खरा होत नाही. आणि "नाही" म्हणायला सूत्रापेक्षा धीर जास्त लागतो. नाही म्हणताना समोरच्याची अडचण त्याच्याच शब्दांत परत सांगता आली पाहिजे, मग तो चिडला तरी तुटत नाही. कोडिंग किती यावं हा प्रश्न पण सारखा येतो, तर स्वतः लिहिता आलं नाही तरी चालतं, मात्र डेटाबेस म्हणजे काय, एपीआय म्हणजे काय, दिसायला छोटा बदल आतून महाग का असतो हे इंजिनिअरकडून समजून घ्यायची लाज वाटायला नको.

राहिला रिसोर्सेसचा मुद्दा, आणि इथे मला थोडा राग आहे. मुलांना वाटतं रिसोर्स म्हणजे पैसे देऊन घ्यायचा कोर्स. अनुभव नसला तर काय करायचं, तर रोज वापरता ते एक अ‍ॅप घ्या, स्टोअरवरचे त्याचे दोनशे वाईट रिव्ह्यू वाचा आणि हाताने गट पाडा, मग ते अ‍ॅप वापरणाऱ्या पाच जणांशेजारी बसा, एक अडचण निवडा, कागदावर किंवा फिग्मात (स्क्रीनची डिझाइनं बनवायचं टूल) साधा नमुना बनवा, त्याच पाच जणांना दाखवा आणि काय झालं ते दोन पानांत लिहा. नमुना बनवणं तर आता एआयमुळे तासाभराचं काम झालंय, त्यामुळे काय बनवायचं हे कळणारा माणूस आणखी महत्त्वाचा झालाय. ही दोन पानं घेऊन इंटरव्ह्यूला गेलात तर "कसं कळलं" या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर असेल. गूगलने २००२ पासून नवख्यांना घेऊन घडवायचा एपीएम (असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर) कार्यक्रम चालवला, मग इतरांनीही केले, पण त्या जागा फार थोड्या. बाकीच्यांसाठी दार बाजूचं आहे, सपोर्ट, टेस्टिंग, सेल्स, डिझाइन, अ‍ॅनालिटिक्स यातून आत येण्याचं, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. सपोर्टमध्ये ऐकलेल्या फोनांच्या जोरावर मी आजपर्यंत काम करतेय.

आणि कंपन्यांना पण सांगायला हवं. माझ्या एका जुन्या कंपनीत प्रॉडक्टच्या माणसाने गिऱ्हाइकाला थेट फोन करायचा नाही असा नियम होता, सेल्समार्फत विचारा, ते वेळ झाला की विचारतील, उत्तर आलं तर येईल. डेटा बघायची परवानगी मिळायला सात आठवडे लागले. आणि मग वर्षअखेरीला मला विचारलं, तू युजरला नीट ओळखत का नाहीस? अशा ठिकाणी कितीही शिकलेला माणूस आणून बसवला तरी तो फक्त तिकिटं, म्हणजे इंजिनिअरना द्यायच्या कामांच्या चिठ्ठ्या, लिहीत राहील. युजरशी बोलायची मोकळीक, डेटा स्वतः उघडून बघायची परवानगी आणि आठवड्यातला अर्धा दिवस मीटिंगशिवाय, एवढं दिलंत तरी ट्रेनिंगच्या बजेटपेक्षा जास्त उपयोग होईल. चौथी गोष्ट पैशाने मिळत नाही, ती म्हणजे तुझं चुकतंय असं तोंडावर आणि आपुलकीने सांगणारा एक सिनिअर. मला तो मिळाला, खूप जणांना मिळत नाही.

म्हणून संपादक महोदय, एक विनंती आहे. पुरवणीत या विषयावर यशाच्या गोष्टी येतात तशा एकदा न चाललेल्या प्रॉडक्टच्याही येऊ द्या. स्लॅक हे ऑफिसात आपसात बोलायचं अ‍ॅप सगळ्यांना माहीत आहे, पण ते बनवणाऱ्यांचा ग्लिच नावाचा गेम २०१२ मध्ये बंद पडला आणि तो बनवताना आपसात बोलायला वापरलेल्या साधनातून स्लॅक आलं, हे शिकणाऱ्या मुलांनी वाचायला हवं. काम करणाऱ्या माणसांनी आपला एक निर्णय, त्याआधीचा अंदाज आणि नंतर खरं काय झालं एवढंच लिहायचं, कंपनीचं नाव नको, स्वतःचं नको. दर आठवड्याला अर्धा कॉलम पुरेल. पहिला मी लिहून देते, त्या रिपोर्टच्या स्क्रीनचाच, मागितलं होतं कोणी, मी काय समजले, आणि चार महिन्यांनी ती कोणी का उघडली नाही.

आपली,
पुरवणीची एक नियमित वाचक